‘स्क्वेअर दाबत राहा, जिंकाल’ : डायनेस्टी वॉरियर्सबद्दलच्या एका जुन्या समजाला उत्तर

‘डायनेस्टी वॉरियर्स’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेबद्दल एक मत इतक्या वेळा आणि इतक्या खात्रीने सांगितलं जातं, की खेळ हातात न घेतलेल्या माणसालाही ते पाठ असतं. ते साधारण असं : ‘डोकं बाजूला ठेवायचं, स्क्वेअरचं बटण दाबत राहायचं. हजार माणसं पडतात, लढाई संपते. शत्रू नुसते उभे असतात, सगळे भाग एकसारखे, आणि चीनच्या इतिहासाचं तर फक्त नाव वापरलंय.’ हे मत मला चुकीचं वाटतं. त्याचा रागही येतो, कारण या खेळात जे सगळ्यात चांगलं आहे, नेमकं तेच ते झाकून टाकतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानच्या कोएई कंपनीतल्या ओमेगा फोर्स या गटाने १९९७ साली प्लेस्टेशनवर पहिला भाग काढला. तो दोघांच्या कुस्तीसारखा, एकास एक मारामारीचा खेळ होता. आज आपण ज्याला डायनेस्टी वॉरियर्स म्हणतो तो प्रकार २००० साली, प्लेस्टेशन टूवरच्या दुसऱ्या भागापासून सुरू झाला : मोठं रणांगण, दोन्हीकडे फौजा आणि त्यात तुम्ही एक सरदार. काळ हान साम्राज्याच्या पडझडीचा. इसवी सन १८४ मध्ये पिवळ्या फेट्यांचं बंड झालं, पुढे वेई, शू आणि वू ही तीन राज्यं उभी राहिली आणि २८० मध्ये वू पडून चीन पुन्हा एक झाला. जवळजवळ शंभर वर्षांची ही उलथापालथ या खेळाचा विषय आहे.

‘एकच बटण पुरतं’

सर्वांत सोप्या पातळीवर पुरतं, हे मान्य. पण तेवढ्यावरून सगळ्या खेळाचा निकाल लावता येत नाही.

स्क्वेअर हा साधा वार, ट्रायँगल हा जोराचा. पण ट्रायँगलचा परिणाम तो कितव्या वारानंतर दाबला यावर ठरतो. एका साध्या वारानंतर दाबला, तर बहुतेक सरदारांच्या हातून समोरचा माणूस हवेत उडतो. तीन वारांनंतर दाबला, तर भोवतीची गर्दी झाडून लांब फेकली जाते. म्हणजे हात चालू असताना डोळ्यांनी मोजावं लागतं : समोर एकटा सरदार आहे की वीस भालेकरी, पाठीशी कोण आहे, तिरंदाज कुठे उभे आहेत. जुन्या भागांत वार सुरू झाला की तो पूर्ण होईपर्यंत तुम्ही त्यात अडकता आणि पाठ उघडी राहते. हार्ड पातळीवर नुसता स्क्वेअर दाबणारा खेळाडू पहिल्या बऱ्या सरदारासमोर कोसळतो. तिसऱ्या भागात हुलाओ खिंडीत त्या काळचा सर्वांत भीतीदायक योद्धा ल्यू बू समोर आला की हे कोणालाही पटतं. त्याच्या मागे लागू नका, असं खेळातले सहकारी ओरडून सांगतात, ते उगीच नाही.

पुढच्या भागांत यात भर पडत गेली. आठव्या भागात प्रत्येक शस्त्राला स्वर्ग, पृथ्वी आणि मनुष्य या तिघांपैकी एक गुण आहे. एक दुसऱ्यावर भारी, दुसरा तिसऱ्यावर. सरदाराकडे दोन शस्त्रं असतात, आणि शत्रूचं शस्त्र पाहून ती मारामारीच्या मध्येच बदलावी लागतात. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या ‘ओरिजिन्स’मध्ये शत्रू सरदाराचा वार अगदी वेळेवर परतवला तर त्याचा तग कमी होत जातो, आणि तो संपला की तो क्षणभर उघडा पडतो. ती वेळ चुकली की मार तुम्हाला.

‘हजार माणसं मारली की लढाई जिंकली’

खरा गैरसमज इथे आहे. या मालिकेत किती पाडले यावर लढाई जिंकत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात तो आकडा मोठा होत जातो, म्हणून नव्या खेळाडूचं लक्ष तिकडे जातं. लढाई जिंकायची अट वेगळी असते : समोरचा सेनापती पाडा, अमुक माणसाला सुखरूप बाहेर काढा, ठराविक वेळ तग धरा. हरण्याची अट त्याहून कडक. तुमचा सेनापती पडला की खेळ संपला, मग तुमच्या नावावर हजार बळी असोत की दोन हजार.

तुम्ही पश्चिमेच्या डोंगराजवळ बळींचा आकडा वाढवत असता, तेवढ्यात पूर्वेच्या दरवाजातून शत्रूची कुमक आत येते, तुमचे दोन सरदार माघार घेतात आणि मुख्य तळ हातातून जातो. हे सगळं नकाशावर आधीपासून दिसत असतं. निळे ठिपके विरळ होतात, लाल पुढे सरकतात. चौथ्या-पाचव्या भागांत प्रत्येक सैन्याचं मनोधैर्य मोजलं जातं. तुम्ही जिथे पोचता तिथे ते वाढतं, तुम्ही नसता तिथे घसरतं. जुन्या भागांत दरवाजा राखणारा शत्रूचा नाईक पडला की त्या दरवाजातून येणारी कुमक बंद होते. म्हणून समोर शंभर सैनिक उभे असताना त्यांना सोडून घोडा दामटत त्या एका माणसाकडे जाणं, हा शहाणा खेळ.

माझ्या आतेभावासोबत मी तिसरा भाग खेळायचो, अर्धा-अर्धा पडदा वाटून. दोघं एकत्र फिरलो की हरायचो. मग तो म्हणायला लागला, ‘तू उत्तरेचा दरवाजा धर, मी लिऊ बेईजवळ थांबतो, आणि मी हाक मारली की सगळं सोडून ये.’ (लिऊ बेई म्हणजे शूचा संस्थापक, आमच्या बाजूचा सेनापती.) एकच बटण पुरणाऱ्या खेळात अशी वाटणी कोणी करत नाही.

ग्वांदूची लढाई घ्या. इसवी सन २०० मध्ये उत्तरेतला बलाढ्य सरदार युआन शाओ याची फौज वेईचा पाया घालणाऱ्या त्साओ त्साओच्या फौजेपेक्षा खूप मोठी होती. समोरासमोर लढून त्साओ त्साओचा टिकाव लागत नव्हता. मग युआन शाओचा शु यौ नावाचा सल्लागार फुटून त्याच्याकडे आला आणि धान्याचा साठा वूछाओला आहे हे त्याने सांगितलं. त्साओ त्साओ पाच हजार माणसं घेऊन स्वतः रात्री तिकडे गेला, शत्रूची निशाणं लावून, आणि साठा जाळला. युआन शाओचं सैन्य तिथेच मोडलं. खेळातली ग्वांदूही अशीच बेतलेली आहे. वूछाओ पेटेपर्यंत समोरची फौज हटत नाही, पेटलं की तिचं मनोधैर्य कोसळतं. मुख्य छावणीसमोर उभं राहून नुसती माणसं कापणाऱ्याला ही लढाई कंटाळवाणी आणि अवघड वाटते, आणि तो म्हणतो खेळात डोकं नाही.

‘सैनिक नुसते उभे असतात’

साधे सैनिक बावळट असतात, हे खरं आहे, आणि काही भागांत ते फारच निमूट आहेत. पण ते इथले प्रतिस्पर्धी नाहीतच. ते रणांगणाचा भाग आहेत, वाटेतल्या चिखलासारखा. ते वेळ खातात, वाट अडवतात, सरदाराभोवती कडं करतात, आणि त्यांना मारून मुसोऊचा, म्हणजे खास जोरदार हल्ल्याचा, पट्टा भरतो, जो खऱ्या प्रतिस्पर्ध्यासाठी राखायचा असतो. तो सैनिकांवर उधळला की सरदार आल्यावर हात रिकामे.

‘इतिहासाचं फक्त नाव’

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण हा आरोप ऐकायला सगळ्यात शहाणा वाटतो.

खेळाचा आधार मुख्यतः चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानझोंगच्या नावावर असलेल्या ‘तीन राज्यांची कथा’ या कादंबरीचा आहे. तिसऱ्या शतकात चेन शौने लिहिलेला इतिहास वेगळा. दोन्हींत फरक आहेत आणि खेळ बहुतेक वेळा कादंबरीच्या बाजूने जातो. सुंदर द्याओछान ही कल्पित व्यक्ती आहे. हुलाओ खिंडीत लिऊ बेई आणि त्याचे सोबती गुआन यू व झांग फेई या तिघांनी मिळून ल्यू बूशी केलेलं युद्ध इतिहासात नाही. हुआ शिओंगला कादंबरीत गुआन यू मारतो, पण इतिहासानुसार तो सुन ज्यानच्या सैन्याकडून पडला. गुआन यूच्या हातातलं चंद्रकोरीच्या पात्याचं अवजड शस्त्रही त्या काळातलं नाही, कित्येक शतकांनंतरचं आहे. हे सगळं कबूल.

पण कादंबरीवर आधारलेला असणं आणि इतिहासाशी संबंध नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिंग काळातला अभ्यासक झांग श्वेछेंग म्हणाला होता, की ही कादंबरी सात भाग खरी आणि तीन भाग कल्पित आहे. ते सात भाग खेळातही उतरले आहेत. त्याहून मोठी गंमत अशी, की ज्या गोष्टी खेळात अशक्य कोटीतल्या वाटतात त्यांतल्या काही चेन शौच्या इतिहासातल्याच आहेत.

हफेईची लढाई, इसवी सन २१५. वूचा सुन च्युआन एक लाखाची फौज घेऊन चालून आला, असं झांग लिआओच्या चरित्रात लिहिलं आहे. किल्ल्यात त्साओ त्साओचा सरदार झांग लिआओ होता. त्याने रात्री आठशे माणसं निवडली, बैल कापून त्यांना जेवू घातलं आणि पहाटे स्वतः पुढे राहून बाहेर पडला. आपलं नाव ओरडत तो थेट सुन च्युआनच्या निशाणापर्यंत घुसला. सुन च्युआन एका उंचवट्यावर चढला आणि लांब भाल्याने स्वतःचा बचाव करत राहिला. झांग लिआओ वेढा फोडून बाहेर पडला, तेव्हा त्याची काही माणसं आत अडकली होती. ‘सेनापती, आम्हाला टाकून चाललात का?’ असं ती ओरडली. तो परत आत शिरला आणि त्यांना घेऊन आला. पुढे वूची फौज माघारी फिरताना सुन च्युआन पुलापाशी पोचला, तर पुलाच्या फळ्या काढलेल्या होत्या. त्याने घोडा उडी मारून पलीकडे नेला.

खेळात झांग लिआओ एकटा शेकडोंना लोळवतो तेव्हा आपण हसतो. ती अतिशयोक्ती आहेच, पण जमिनीतून उगवलेली आहे. छांगबानला २०८ मध्ये झांग फेईने वीस घोडेस्वारांनिशी पूल धरून त्साओ त्साओच्या सैन्याला थोपवलं, हीही नोंद इतिहासातली. झाओ युनने लिऊ बेईचं तान्हं मूल छातीशी धरून बाहेर काढलं, तीही. खेळात ती लढाई खेळताना रस्ताभर पळणारी रयत दिसते. लिऊ बेई तिला सोडून पुढे जायला तयार नव्हता, म्हणूनच तर तो गाठला गेला.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते या मालिकेची सर्वांत मोठी. कादंबरीचा कल उघडपणे लिऊ बेईकडे आहे. त्साओ त्साओ तिथे खलनायक, आणि वूची माणसं बरेचदा लिऊ बेईचा सल्लागार झुगे लिआंग याची हुशारी दिसावी म्हणून असल्यासारखी. छिबीला, म्हणजे त्साओ त्साओची जहाजं जाळली गेली त्या नदीवरच्या लढाईत, आगीची कल्पना मांडणारा आणि शरणागतीचं खोटं पत्र पाठवणारा वूचा हुआंग गाई, हे इतिहासात स्पष्ट आहे. कादंबरीत मात्र वारा आणतो झुगे लिआंग, आणि श्रेय तिकडे झुकतं. खेळातही झुगे लिआंगची वाऱ्यासाठीची प्रार्थना आहे, पण खेळाने वेई आणि वू यांना स्वतःची पूर्ण कहाणी दिली, जिथे त्साओ त्साओकडे त्याच्या वागण्याची कारणं असतात आणि सुन च्युआनला बापाची व भावाची जागा भरायची असते. सातव्या भागात चौथी बाजू आली : जिन, म्हणजे वेईची जागा घेऊन चीन पुन्हा एक करणारं सिमा घराण्याचं राज्य. तोवर गोष्ट साधारणपणे २३४ मध्ये वूझांगच्या पठारावर झुगे लिआंग मरण पावला की थांबायची. जिनमुळे ती सिमा घराण्यामागे चालत शूच्या पाडावापर्यंत गेली. काही भागांत सरदारांची चरित्रं असलेला छोटा माहितीकोशही आहे. मी चेन शौपर्यंत पोचलो तो झांग लिआओमुळे, आणि झांग लिआओपर्यंत या खेळामुळे.

‘सगळे भाग एकसारखे’

तिसरा, चौथा, पाचवा हे भाग एकमेकांच्या जवळचे आहेत, हे मान्य. पण सहाव्याने वार करण्याची पद्धतच बदलली, आणि ती अनेकांना आवडली नाही. त्यात कित्येक सरदारांना उसने वार दिले होते, तो दोष खरा आहे. आठव्यात ‘असं झालं असतं तर’ अशा कल्पित वाटा आल्या, ज्यांत एखाद्या सरदाराला वाचवलं की पुढचा इतिहास वेगळा वळतो. २०१८ च्या नवव्याने सगळा चीन एकसंध मोकळा नकाशा म्हणून मांडला. मोठी जोखीम होती आणि ती फसली, कारण मधली जागा रिकामी राहिली आणि लढाईची घट्ट वीण सुटली. ओरिजिन्सने उलट दिशा धरली : एकच अनामिक नायक, गोष्ट फक्त छिबीपर्यंत, आणि समोर खरोखर भिंतीसारखी चालून येणारी फौज. त्यात दोघांनी एकत्र खेळायची सोय नाही, याचं मला वाईट वाटतं. आतेभावाला सांगितलं तर त्याने विकतच घेतला नाही. तक्रारी असाव्यात, पण त्या अशा, त्या-त्या भागाच्या असाव्यात.

कुणाला स्वतः तपासून पाहायचं असेल तर आठव्या भागाची ‘एक्स्ट्रीम लेजंड्स’सकट पूर्ण आवृत्ती संगणकावर मिळते. पहिल्या काही लढाया नॉर्मलवर खेळून बटणं हाताला बसू द्या, मग पातळी हार्ड करा आणि नकाशावर नजर ठेवायची सवय लावा. छिबी आधी वूच्या बाजूने खेळा, नंतर वेईच्या. नदी तीच, जहाजं तीच, पण एकदा आग लागावी म्हणून धावायचं असतं आणि एकदा लागू नये म्हणून.