‘खून न करता जन्मठेप? काहीतरी मोठं केलंच असणार’: प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेत खून न करता, नुसत्या ड्रग्जच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगणाऱ्यांबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. अमेरिकेत नुसत्या ड्रग्जपायी जन्मठेप भोगणारे बडे माफियाच असणार. जन्मठेप म्हणजे शेवटी चौदा वर्षंच. आणि विष विकणारा खुन्यापेक्षा जास्त घरं बुडवतो, तर त्याचा एवढा पुळका कशाला?

दुसरा आधी घेऊ, तो लवकर मिटेल. चौदा वर्षांनी दार आपोआप उघडतं असं आपल्याकडेही नाही. गंभीर गुन्ह्यातल्या जन्मठेपेत सरकारला सूट द्यायची असेल, तर त्याआधी प्रत्यक्ष १४ वर्षं भोगून व्हावी लागतात, एवढंच कायदा सांगतो. अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) कायद्यात १ नोव्हेंबर १९८७ पासूनच्या गुन्ह्यांना पॅरोलच नाही. चांगल्या वागणुकीची वर्षाला ५४ दिवसांपर्यंतची सूट आहे, पण जन्मठेपवाल्यांना त्यातून वगळलंय. शिक्षेला शेवटच नाही तर दिवस वजा कशातून करणार?

आता ‘बडे माफिया’. २०१८ पर्यंत फेडरल कोर्टात जन्मठेप सक्तीची व्हायला दोन गोष्टी पुरत. एक, ठरावीक वजन: ५ किलो कोकेन, १ किलो हेरॉइन किंवा ५० ग्रॅम क्रॅक, म्हणजे ओढायचं कोकेन (२०१० नंतर २८० ग्रॅम). दोन, ड्रग्जच्याच आधीच्या दोन शिक्षा. त्या किती जुन्या, याला मर्यादा नव्हती. विक्रीच असायला हवी असंही नव्हतं. ज्या गुन्ह्याला एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकते तो पुरे, मग प्रत्यक्षात आरोपी प्रोबेशनवर सुटलेला का असेना. विशीत स्वतःपुरता माल बाळगताना दोनदा सापडलेला माणूस चाळिशीत यात अडके.

पण या जुन्या शिक्षा आपोआप मोजल्या जात नाहीत. सरकारी वकिलाने खटल्याआधी किंवा आरोपीने कोर्टात गुन्हा कबूल करण्याआधी कलम ८५१ खाली तशी नोटीस दाखल करावी लागते. करायची की नाही हे त्याच्या मर्जीवर. खरी मेख इथे आहे. गुन्हा कबूल करून इतरांची नावं दिलीत तर नोटीस नाही. खटला लढवलात तर नोटीस, आणि हरलात तर न्यायाधीशाचे हात बांधलेले. बड्या माशाकडे द्यायला नावं भरपूर असतात. गाडी चालवणाऱ्याकडे किंवा निरोप्याकडे काय असतं?

आणि वजन? ते जप्तीच्या मालाचंच असतं असं समजू नका. कटाच्या आरोपात, साथीदारांनी हलवलेला आणि आरोपीला अंदाज येण्याजोगा माल त्याच्या खात्यावर चढतो. समजा, एक साक्षीदार सांगतो, ‘आठवड्याला दोन खेपा, दर खेपेला अर्धा किलो, दोन वर्षं.’ झाले १०४ किलो, पुडी एकही न सापडता. फेडरल कोर्टात शिक्षा ठरवायला एक तक्ता असतो: पातळी जितकी वर, तितकी शिक्षा जास्त. त्याच्या २०१४ आधीच्या रूपात ५० ते १५० किलो कोकेनला पातळी ३६ होती. जवळ पिस्तूल असलं, न चालवलेलंसुद्धा, की +२. मोठ्या टोळीत म्होरक्या ठरलात की +४. स्वतः साक्ष दिलीत आणि ती खोटी ठरली की +२. बेरीज ४४, आणि तक्ता ४३ लाच संपतो: जन्मठेप. पहिलाच गुन्हा असला तरी. जानेवारी २००५ पर्यंत हा तक्ता न्यायाधीशांवर बंधनकारक होता, त्यानंतर तो सल्ल्यापुरता उरला.

राहिला विषाचा मुद्दा. तो पोकळ नाही; खुद्द अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात तो चालला. मिशिगन राज्यात ६५० ग्रॅमच्या पुढे सक्तीची, पॅरोलविना जन्मठेप होती. हार्मेलिन नावाच्या माणसाकडे ६७२ ग्रॅम कोकेन सापडलं. आधीची गंभीर शिक्षा एकही नाही. १९९१ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी त्याची शिक्षा कायम झाली. एवढ्या मालातून ३२,५०० ते ६५,००० डोस निघतात, हा हिशोब न्यायमूर्ती केनेडींनी निकालात मांडला. म्हणजे तुमचाच युक्तिवाद. माझा आक्षेप शिक्षा होण्याला नाही. माल कुणाचा, माणसाची भूमिका काय, वय काय, हे तिथे कुणी विचारायचंच नव्हतं. काटा ६५० च्या पुढे गेला की विषय संपला, माझा आक्षेप याला आहे. पुढच्याच वर्षी मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे, नुसता माल बाळगणाऱ्यांपुरती ही पॅरोलबंदी रद्द केली.

‘एवढा अन्याय होता तर कायदा बदलला असता’ असंही कुणी म्हणेल. बदलला की. डिसेंबर २०१८ मध्ये फेडरल कायद्यातली, दोन जुन्या शिक्षांवरून होणारी ती सक्तीची जन्मठेप किमान २५ वर्षांवर आली, आणि त्यासाठीच्या जुन्या शिक्षाही गंभीर असाव्या लागतात. पण ही दुरुस्ती मागे जाऊन लागू केली नाही. आदल्या महिन्यात शिक्षा झालेला आत जन्मभर, नंतरचा २५ वर्षं. २०१४ मध्ये तक्ता दोन पातळ्यांनी खाली आला आणि तो जुन्या कैद्यांनाही मिळाला, पण ज्याची जन्मठेप कायद्यातूनच सक्तीची आहे त्याला त्याचा उपयोग शून्य.

मग वाट उरते दोन ठिकाणी. पहिली राष्ट्राध्यक्षांकडे: ओबामांनी १,७१५ जणांच्या शिक्षा कमी केल्या, त्यात ५६८ जन्मठेपेच्या. दुसरी, शिक्षा देणाऱ्या कोर्टातच ‘असाधारण आणि सबळ कारणां’साठी अर्ज. आधी वॉर्डनकडे (तुरुंगाच्या प्रमुखाकडे) लेखी विनंती करायची, ३० दिवस थांबायचं, मग कोर्टात जायचं. विनंतीची पोच जोडली नाही तर सरकारी वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे अर्जभर सुधारणेचीच प्रमाणपत्रं लावणं. केवळ सुधारणा हे कारण पुरेसं नाही, असं कायद्यातच लिहिलंय. सोबत आजारपणाचे कागद, किंवा नोव्हेंबर २०२३ च्या नियमाप्रमाणे किमान १० वर्षं भोगून झाली आहेत आणि आजच्या कायद्याने शिक्षा बरीच कमी झाली असती, हे दाखवावं लागतं. या नियमाचा आधार सगळ्याच फेडरल कोर्टांनी मानलेला नाही, त्यामुळे सारख्याच कागदांवर एकाचा अर्ज मंजूर होतो आणि दुसऱ्याचा फेटाळला जातो.