आधी साहेबांचा डॅशबोर्ड, मग बाकीचं

आरोग्य खात्यासाठी ॲप बनवताय? मग जिल्ह्याच्या डॅशबोर्डापासून सुरुवात करा. आकडे भरणारी सिस्टर कुठे उभी राहून भरते, ते नंतर बघू. म्हणजे कधीच नाही.

चाचणी पुण्याच्या ऑफिसातच उरका. नंदुरबारच्या डोंगरातल्या मोलगी-धडगावकडे फिरकू नका. तिथे रेंज जाते आणि नसते प्रश्न निघतात. अक्षरं पांढऱ्यावर फिकट राखाडी, बारीक ठेवा, देखणी दिसतात. भुसावळच्या मे महिन्यात आशाताई पदराची सावली धरून वाचतील.

आभाच्या (म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या) 14 अंकी क्रमांकासाठी ओटीपी मागवाच. घरातला एकमेव मोबाइल घेऊन नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेलाय, हा त्यांचा घरगुती प्रश्न.

प्रत्येक रकाना अनिवार्य करा. बीपीचं यंत्र बंद असलं तरी 'मोजलं नाही' हा पर्याय नको. सगळ्या गरोदर बायांचं बीपी 120/80 येईल आणि तालुका ठणठणीत दिसेल. शेवटच्या पाळीची तारीखही नेमकीच हवी. सातपुड्यातली बाई 'भोंगऱ्या बाजारानंतर' म्हणेल, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजारानंतर. सण निवडून अंदाजे आठवडा नोंदवायची सोय करणं सोपं आहे, तेवढ्यासाठीच टाळा. सिस्टर महिन्याची 1 तारीख टाकून मोकळी होईल, ॲप त्यात 280 दिवस मिळवून प्रसूतीची तारीख छातीठोकपणे सांगेल. बाळ वेळेआधी आलं की वेळेवर, हा घोळ प्रसूतिगृहात निस्तरतील.

नवजात बाळाच्या वजनापुढे किलो की ग्रॅम ते लिहू नका. कुणी 2.4 भरेल, कुणी 2400. दुसरा आकडा अडीचपेक्षा मोठाच, तेव्हा अडीच किलोच्या आतल्या बाळासाठीची सूचना वाजायचीच नाही. (फार मोठी रक्कम टाकली की दुकानातलं बिलिंगसुद्धा 'नक्की ना?' विचारतं, पण ते किराण्याचं असतं.)

औषधांच्या यादीत 'मेट' टाकताच मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि जंतुसंसर्गाचं मेट्रोनिडाझोल एकाच अंगठ्याखाली यायला हवेत. साध्या पॅरासिटामॉललाही लाल इशारा दाखवा. आठवडाभरात न वाचता 'ओके' दाबायची सवय लागते. खऱ्या ॲलर्जीचा इशाराही मग त्याच झपाट्यात जातो.

तीन मिनिटांत लॉगआउट करा आणि अर्धा भरलेला फॉर्म पुसून टाका. सिस्टर आधी रजिस्टरात लिहितील, रात्री घरी रेंजमध्ये बसून तेच पुन्हा भरतील. त्या नोंदींवर रात्री 11 ची वेळ दिसली की 'विलंब का?' अशी नोटीस आपोआप जाईल, तेवढं मात्र विसरू नका.