आई रात्री गॅलरीत का बसायची

सदाशिव पेठेतल्या वाड्यात आई रात्री-बेरात्री उठून गॅलरीत बसायची, मानेवर ओला पंचा टाकून. आम्हाला वाटायचं, चिडलीय. तिला काय होत होतं ते मला ४९व्या वर्षी, माझी पाळी जायच्या काळात (मेनोपॉज) कळलं. डिसेंबरातली रात्र, कोथरूडमध्ये सगळे गोधडीत, आणि मी पंखा लावून घामाने भिजलेला गाऊन बदलतेय. छातीतून वाफ उठायची, चेहरा पेटायचा, पाच मिनिटांनी हुडहुडी. असं रात्रीतून चार-पाच वेळा. सकाळी बँकेत साधी बेरीज चुकायची.

पहिले डॉक्टर म्हणाले, "वयच आहे, सहन करायचं." या वाक्याचा मला मनापासून राग आहे. बीपी वाढलं तर असं कुणी सांगतं का?

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नीट चौकशी केली. घरात स्तनाचा कॅन्सर? पायात रक्ताची गुठळी? यकृताचा आजार? अवेळी रक्तस्राव? मॅमोग्राफी झाली. मग एस्ट्रोजेन या हार्मोनचं जेल दंडावर लावायला आणि रात्री प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची गोळी. गर्भाशय असताना नुसतं एस्ट्रोजेन घेतलं तर अस्तर वाढून तिथे कॅन्सरचा धोका होतो, म्हणून ही जोडी. शिवाय जेल त्वचेतून जातं, त्यामुळे गुठळ्यांची भीती तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा कमी. महिन्याभरात मी सलग सहा तास झोपले. त्या सकाळी रडले.

"हार्मोन्स म्हणजे कॅन्सर" ही भीती २००२ची. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दोन्ही हार्मोन्स घेणाऱ्यांत वर्षाला दर १०,००० बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण ८ केसेस जास्त दिसल्या. धोका खरा आहे, तो झाकायचा नाही. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे आपल्यापर्यंत पोचलंच नाही. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास असलेल्या निरोगी बाईसाठी फायद्याचं पारडं सहसा जड असतं.

आमच्या वन्संना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, त्यांना हार्मोन्स चालत नाहीत. त्यांना व्हेन्लाफॅक्सिन (हार्मोन नव्हे, मूळचं डिप्रेशनचं औषध) कमी डोसमध्ये दिलंय, वाफा बऱ्याच कमी झाल्या. (स्तनाच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू असेल तर पॅरोक्सेटिन हे डिप्रेशनचंच दुसरं औषध टाळतात, त्याने टॅमॉक्सिफेनचा असर घटतो. डॉक्टरांना आठवणीने सांगा.)

परवा भिशीत शेजारच्या काकूंनी कानाशी येऊन विचारलं, "लघवीच्या जागी आग होते, सारखं इन्फेक्शन होतं, त्यालाही काही असतं का गं?" असतं. योनीमार्गात लावायचं एस्ट्रोजेनचं क्रीम, रक्तात अगदी नगण्य उतरतं. काकू ६२च्या आहेत, बारा वर्षं गप्प होत्या. मंगळवारची अपॉइंटमेंट घेतलीय, मी सोबत जातेय.