धातू १२६० अंशांना वितळतो म्हणजे १२०० अंशांवर चालतो असं नाही

'आता सौर वीजकेंद्रं थ्रीडी प्रिंटरमधून छापून निघणार. वेल्डिंग नको, तपासणी नको, १२०० अंशांपर्यंत धातूला काही होत नाही,' असा मेसेज फिरतोय. तो वाचून माझा भाचा वेल्डिंगचा कोर्स सोडायला निघालाय. आता गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक थाप तापमानाची. इन्कोनेल ७१८ हा उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू साधारण १२६० अंश सेल्सिअसला वितळू लागतो, हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधीच तो भाराखाली हळूहळू ताणत जातो. याला क्रीप म्हणतात. म्हणूनच दीर्घकाळ भार घ्यायचा असेल तर तो ६५० अंशांच्या आसपासच थांबवतात. अशा सौर केंद्रात आरसे ऊन एका मनोऱ्यावर एकवटतात; तिथल्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे ती उष्णता झेलणाऱ्या नळ्यांच्या संचात, आज नायट्रेट क्षार ५६५ अंशांपर्यंत तापवतात. पुढे कार्बन डायऑक्साइडवर टर्बाइन चालवायची तर ७०० अंशांच्या वर जावं लागेल, तेही २०० बारहून जास्त दाबाखाली. त्यासाठी हेन्स २८२सारखे मिश्रधातू लागतात. आणि छपाई इथे उलट अडचण करते: लेझरने भुकटी थराथराने वितळवली की धातूचे कण बारीक राहतात, आणि बारीक कण क्रीपपुढे लवकर हार मानतात. नीट उष्णता-प्रक्रिया केल्याशिवाय तो भाग भरवशाचा नाही. त्यात रिसीव्हर रोज तापतो, रोज निवतो. ३० वर्षांत हे दहा हजारांहून जास्त वेळा होतं. ढग आले-गेले ते वेगळंच.

पुरावा म्हणून सीमेन्सची २०१७ची चाचणी पुढे करतात: टर्बाइनची छापलेली पाती, मिनिटाला १३,००० फेरे, १२५० अंश. चाचणी खरी आहे आणि मोठीही. पण ते १२५० अंश भोवतालच्या वायूचे होते. पात्यांच्या आतून थंड करणारी हवा खेळवलेली होती. हे वाक्य मेसेजमधून गाळलंय, आणि अर्थ तिथेच उलटलाय.

वेल्डिंग नको? बहुतेक प्रिंटरमध्ये अर्ध्या मीटरहून मोठा भाग मावत नाही आणि रिसीव्हरच्या नळ्या कित्येक मीटर लांब असतात. छापलेला भाग शेवटी नळीला जोडावाच लागतो. तपासणी तर वाढते, कारण आतली छिद्रं बाहेरून दिसत नाहीत.

एक मान्य करतो. उष्णता-विनिमयकातल्या (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्रातल्या) बारीक, वळणावळणाच्या वाहिन्या दुसऱ्या रीतीने करणं फार अवघड आहे, आणि तिथे छपाईने सांधेही कमी होतात. मात्र त्या वाहिन्यांत अडकलेली भुकटी बाहेर काढायची वाट आराखड्यातच ठेवावी लागते.