‘बीआय म्हणा नाहीतर अ‍ॅनालिटिक्स, रजिस्टर तेच की!’ या प्रतिक्रियेला उत्तर

काका,

(प्रतिक्रियेखाली तुम्ही ‘उद्यमबागचा जुना मोल्डर’, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतला साचे करणारा, एवढंच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. वयानं लहान असाल तर सोडून द्या.)

गेल्या लेखात मी म्हटलं होतं की बिझनेस इंटेलिजन्स (बीआय, म्हणजे धंद्याचे जमलेले आकडे मांडून दाखवणं) मागे बघतं आणि अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅनालिटिक्स (त्या आकड्यांवरून कारणं आणि अंदाज काढणं) पुढे. त्यावर तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. दोन्ही एकाच रजिस्टरावर चालतात. एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन (आकड्यांचा कल दाखवणारी रेघ) टाकली की पुढचा महिनाही दिसतो. आणि वेगळी नावं ही दोनदा बिल लावायची सोय आहे. तिसऱ्याबद्दल भांडत नाही, तशी बिलं मी पाहिलीत.

माझं ते मागे-पुढेवालं वाक्यही ढिसाळच होतं. ‘माल बाद का झाला’ हा प्रश्न मागचाच, पण डॅशबोर्डवर, म्हणजे बीआयच्या आकड्यांच्या फलकावर, त्याचं उत्तर सहसा मिळत नाही. नावांचा इतिहासही तुमच्याच बाजूनं आहे. १९५८ साली आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिमवर लेख लिहिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर होतं कागदपत्रांचे आपोआप सारांश काढून ज्याच्या कामाचे त्याला पोचवणारं यंत्र. आजच्या अर्थानं हा शब्द रुळला तो १९८९ मध्ये हॉवर्ड ड्रेसनर यांनी पुढे आणल्यावर. म्हणजे रेघ नंतर मारलेली आहे. नंतर मारलेल्या रेघेचं काय होतं, हे बेळगावात १९५६ पासून कुणाला सांगावं लागत नाही!

तरी रेघ पुसत नाही, जरा सरकवतो. माझ्या मते फरक आहे तो ताळ्याचा, म्हणजे उत्तर बरोबर आहे की नाही हे कसं तपासायचं त्याचा.

एका फाउंड्रीत (धातू ओतायचा कारखाना, नाव नको) मी रिजेक्शनचा, म्हणजे बाद मालाचा, डॅशबोर्ड केला होता. पाळीप्रमाणे, पॅटर्नप्रमाणे, महिन्याप्रमाणे. मालकांनी पहिल्याच दिवशी इन्स्पेक्शनचं रजिस्टर मागवलं आणि बोट ठेवून ओळी मोजल्या. एक हीट, म्हणजे भट्टीतला एक घाणा, दोनदा चढली होती. सापडली. बीआयचा ताळा हा असा असतो, खरं उत्तर आधीच कुठेतरी लिहिलेलं असतं. तिथला खरा घाम वेगळ्याच ठिकाणी गळतो. रिजेक्शन कशाला म्हणायचं? फेटलिंगला (ओतलेला माल साफ करताना) पकडलेलं की गिऱ्हाइकाकडून परत आलेलं? नगावर मोजायचं की किलोवर? तिघांनी तीन उत्तरं दिली, आणि ती एक करण्यातच माझे बरेच दिवस गेले.

तर डॅशबोर्ड म्हणाला, रात्रपाळीत ब्लोहोल (मालातली वाफेची भोकं) जास्त. सुपरवायझरनं लगेच पोरांवर खापर फोडलं. मग हीटवार साच्याच्या वाळूचं मॉइश्चर (ओलावा), ओतायचं तापमान आणि पाळी एकत्र घेऊन रिग्रेशन (कुठल्या कारणाचा वाटा किती, हे काढायचं गणित) लावलं, तेव्हा पाळीचा वाटा जवळजवळ नाहीसा झाला. रात्री वाळूत पाणी अंदाजानं पडत होतं. पाणी जास्त झालं की वाफ जास्त, आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूत भोक करते, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण ‘मॉइश्चर सारखं असतं तर दोन्ही पाळ्या सारख्याच’ ही ओळ रजिस्टरात कुठेच नाही. ती बोटानं मोजता येत नाही. तिचा ताळा म्हणजे रात्रीही पाणी मापून घालायचं आणि वाट बघायची.

मग मला हाव सुटली. कुठल्या हीटचा माल सदोष निघणार हे आधीच सांगणारं मॉडेल केलं. पहिल्याच फटक्यात जवळजवळ सगळ्या हीट बरोबर! मी खुशीत सगळ्यांना चहा सांगितला. मोल्डिंगचा एक जुना माणूस स्क्रीनकडे बघत म्हणाला, “ह्यात वेल्डिंगचा रकाना कशाला वो? वेल्डिंग तर भोक दिसल्यावर मारतात की.” पेपर फुटला होता, काका. दोष सापडल्यावर भरायचा रकाना मी मॉडेलला आधीच दाखवला होता. तो काढल्यावर मॉडेल बेताचंच निघालं. गंमत म्हणजे डॅशबोर्डवर तोच रकाना अगदी योग्य होता.

आता तुमची ट्रेंडलाइन. मागितलं तर एक्सेल रेघेबरोबर आर-स्क्वेअरही छापतं, पण तो आकडा रेघ जुन्या महिन्यांवर किती चपखल बसली एवढंच सांगतो. शेवटचे तीन महिने झाकून रेघ मारा, मग झाकण काढून बघा. तेवढं केलंत तर तुम्ही एक्सेलमध्येच अ‍ॅनालिटिक्स केलंत, आणि त्याचं वेगळं बिल कुणी लावलं तर देऊ नका.

शेवटी तुम्ही विचारलंय की पुतण्याला कुणीतरी एआयचं पॅकेज विकतंय, घ्यावं का. त्याआधी एक सांगा, तुमच्याकडे वाळूचं मॉइश्चर हीटवार लिहून ठेवतात, की सुपरवायझर मुठीत वाळू दाबून ‘बरोबर हाय’ म्हणतो? ते कळवा, मग पॅकेजचं बोलू.