गाडी अडकवून ठेवली नव्हती भाऊ

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू परवा सांजच्याला पोरानं मोबाईलवर वाचून दाखवला. तुम्ही लिहिलं, 'हीटरच्या पंख्याचा आवाज बंद करायला गाडी तीन दिवस अडकवून ठेवली, ९५० रुपये घेतले, आठ दिवसांत आवाज परत सुरू. चिखलदऱ्याला जाताना लेकरं थंडीनं कुडकुडली. जुन्या गाडीचं काम यांना जमत नाही.' आणि दोन स्टार दिले.

लेकरांना त्रास झाला याचं मनापासून वाईट वाटलं. माफी मागतो. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, जानेवारीत घाट चढताना काय गारठा असतो ते आम्हाला माहीत आहे. आवाज परत आला असेल तर तो पाहणं माझं काम आहे, त्यात वाद नाही.

पण 'तीन दिवस अडकवून ठेवली' हे वाचलं तेव्हापासून जेवण गोड लागलं नाही. परतवाडा-अंजनगाव रस्त्यावर या टिनाच्या शेडमध्ये मी बावीस वर्षं गाड्या दुरुस्त करतो. कोणाची गाडी अडकवायचं काम आजवर केलं नाही. म्हणून हे तीन दिवस कसे गेले ते लिहितो. तुम्हालाही आठवेल, आणि वाचणाऱ्यालाही कळेल.

सोमवारी सांजच्याला साडेपाचला तुम्ही तुमची २००७ची वॅगन आर आणली. पंखा एक नंबरवर टाकला की ची-ची करत होता, वंगण सुकलेल्या बंडीच्या आखासारखा. दहा मिनिटं चालला की आवाज बंद. मी तेव्हाच म्हटलं होतं, थंडपणी ओरडतो आणि तापला की गप्प बसतो म्हणजे मोटरचे बुश, मोटरचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो त्या कड्या, कोरडे पडले आहेत. सातला शेड बंद होते, म्हणून उद्या सकाळी उघडतो असं ठरलं. तुम्ही हो म्हणालात आणि पाहुण्याच्या गाडीवर बसून गेलात.

मंगळवारी सकाळी साडेनऊला ग्लोव्ह बॉक्स काढला, तीन स्क्रू काढले, वायरचा जोड सोडवला आणि मोटर पंख्यासकट खाली घेतली. आत काय होतं त्याचा फोटो १०.४० ला तुम्हाला पाठवला आहे, तुमच्या मोबाईलमध्ये अजून असेल. मूठभर कापूस, निंबाची वाळली पानं, भुईमुगाची टरफलं, आणि त्या सगळ्याच्या मधात उंदरानं केलेलं घर. गाडी तुम्ही कापूस भरलेल्या खोलीला लागून उभी करता, हे तुम्हीच सांगितलं होतं. यात तुमचा दोष काढत नाही. भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवावाच लागतो, आमच्याही घरी तेच आहे. पण वायपरच्या खाली जी जाळी असते ना, बाहेरची हवा तिथूनच पंख्याकडे येते, आणि उंदरालाही तीच वाट सापडते.

दुसरी गोष्ट मला लिहायची नव्हती, पण लिहितो. आधीच कोणीतरी त्या मोटरमध्ये गंज काढायचा स्प्रे मारला होता. वासच येत होता. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, हो, मीच नळी घालून मारला, दोन दिवस आवाज बंद झाला होता. भाऊ, तो स्प्रे पातळ असतो. उरलंसुरलं तेल धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो. या मोटरच्या बुशाला सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं असतात, त्यात तेल मुरलेलं असतं, तेच तेल वर्षानुवर्षं शाफ्टला पुरतं. आपल्याकडं मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत गाडी उभी राहते, डॅशबोर्डला हात लावू देत नाही. सतरा-अठरा उन्हाळे असे काढले की बुश सुकणारच. त्यात स्प्रे मारला की राहिलेलं तेलही जातं. तुमचा एका बाजूचा बुश तर इतका खाल्ला होता की शाफ्ट बोटानं हलवला तर हलत होता.

आता वेळेचं सांगतो. मंगळवारी ११ वाजता मी फोन केला. मग १२ ला आणि पावणेदोनलाही केला. प्रत्येक वेळी संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तुम्ही वावरात होता, हे नंतर कळलं. नवी मोटर २६०० रुपयांची, ती टाकायची की जुनी दुरुस्त करायची, हे तुम्हाला न विचारता मी कसं ठरवणार? विचारल्याशिवाय टाकली असती तर आज २६०० रुपयांचा रिव्ह्यू आला असता. तुमचा निरोप चार वाजता आला, 'नवीन नको, आहे तीच करा.' तुमच्यासाठी तेच बरं होतं, मलाही पटलं. आर्मेचर, म्हणजे मोटरच्या आतला तारा गुंडाळलेला फिरता भाग, चांगलं होतं, नुसत्या बुशासाठी अख्खी मोटर फेकायला माझंही मन धजत नाही. पण त्या मापाचा बुश माझ्याकडं नव्हता, परतवाड्यातही मिळाला नाही. अमरावतीच्या रिवाइंडिंगवाल्याला माप सांगितलं, त्यानं बुधवारी सकाळी काळीपिवळीवाल्याच्या हाती पाठवले. दुपारी दोनला माझ्या हातात आले.

हलकं मशीन ऑइल कोमट करून दोन्ही बुश त्यात तासभर बुडवून ठेवले. ग्रीस भरलं नाही. ग्रीस जाड असतं, बुशाची छिद्रं बुजवतं आणि थंडीत पंखा जड फिरवतं. फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन नखाएवढे उरले होते, तेही बदलले. पंख्याची पाती एकेक करून ब्रशनं साफ केली, कारण एका बाजूला माती चिकटून राहिली तरी पंखा थरथरतो आणि नवे बुशही लवकर खातो. वरची जाळी काढून पानं झाडली. पंख्याचा वेग कमी करणाऱ्या रेझिस्टरवरचा कापूसही काढला. त्याबद्दल बिलात एक रुपया नाही. तो रेझिस्टर हवेच्या वाटेत मुद्दाम बसवलेला असतो, येणाऱ्या हवेनंच तो थंड राहतो. तिथं कापूस अडकला तर तो जळतो, मग पंखा फक्त फुल स्पीडवरच चालतो, आणि कापसाला आच लागली तर पुढचं बोलायलाच नको.

बुधवारी ५.२० ला तुम्हाला फोन केला, गाडी तयार आहे. तुम्ही म्हणालात, उद्या घरच्या तेरवीला जायचं आहे, उरकून येतो. गुरुवारी दुपारी आलात. मग तो गुरुवार माझ्या नावावर का? मंगळवारचा अर्धा दिवस फोनची वाट पाहण्यात गेला, बुधवारचा अर्धा बुशाची. गाडीवर प्रत्यक्ष हात चालला तो साडेचार-पाच तास. दुःखाच्या घरी जायचं होतं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. फक्त ते दिवस 'अडकवून ठेवली' या शब्दात बसवू नका, एवढंच म्हणणं आहे.

बिलाचंही सांगतो. बुश दोन १२०, कार्बन ८०, काळीपिवळीचे ५०, मजुरी ७००. जुने बुश आणि कार्बन कागदात बांधून तुमच्या पुढच्या सीटवर ठेवले होते.

तुम्ही रिव्ह्यूसोबत जो व्हिडिओ टाकला, तो मी शेड बंद करून, रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर मोबाईल कानाला लावून पाच-सहा वेळा ऐकला. तो ची-ची आवाज नाही. तो टक-टक आहे, आणि तुम्ही पंखा एकवरून तीनवर नेला की टकटक भरभर होते. म्हणजे पंख्याला काहीतरी लागत आहे. बहुतेक पान किंवा टरफल परत आत गेलं असेल. पण पंखा शाफ्टवर परत बसवताना एखादं सूत खाली-वर बसला असेल, तर तोही डब्याला घासतो. तसं निघालं तर चूक माझी, उघडल्याबरोबर कबूल करीन. पण जुन्या गाडीचं काम जमत नाही असं भाऊ म्हणू नका. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ गाड्या पंधरा वर्षांच्या वरच्या असतात. नव्या गाड्या शहरात जातात, आमचं घर या जुन्याच चालवतात. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोघांनी फोन करून विचारलं, तुमच्याकडं तीन दिवस लागतात का. त्यातला एक आलाच नाही. हंगामात शेतकऱ्याच्या हाती पैसा असतो तेव्हाच आमचाही धंदा असतो, पुढं उन्हाळाभर रिकामं बसावं लागतं.

एक चूक मात्र माझी पक्की आहे. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. गाडी उभी करताना हवेचा लिव्हर आतल्या हवेवर ठेवायचा, म्हणजे बाहेरच्या वाटेची झडप बंद होते आणि उंदराला त्या वाटेनं पंख्यापर्यंत जाता येत नाही. आणि घाटात आवाजाच्या भीतीनं पंखा बंद केला तरी, बाहेरच्या हवेवर लिव्हर ठेवून हीटर पूर्ण गरमवर केला की चालत्या गाडीत थोडी तरी गरम हवा येते, कारण उष्णता इंजिनच्या गरम पाण्याची असते, पंखा नुसता ती ढकलतो. काच धुक्यानं आंधळी होऊ लागली तर मात्र आवाज असला तरी पंखा लावायचाच. हे गुरुवारीच सांगितलं असतं तर लेकरं कुडकुडली नसती. दुसरं गिऱ्हाईक समोर उभं होतं, घाईत राहून गेलं.

पुढं गाडी घेताना किती वेळ लागेल ते कागदावर लिहून द्यायचं बघतो, पोरगाही तेच म्हणतो. फोन लागला नाही तर कोणाला विचारायचं, असा दुसरा नंबरही घेऊन ठेवीन.

तुम्ही गाडी आणा. उघडायचे, साफ करायचे, परत बसवायचे पैसे घेणार नाही. बुश माझेच बसवलेले आहेत, त्यांना काही झालं असेल तर ते बदलून देईन. रविवारी शेड बंद असते, पण तुम्ही येतो म्हणालात तर उघडीन. फक्त येताना रस्त्यात पंखा लावू नका, मला तो थंड असतानाच ऐकायचा आहे.