सूर्याची धुणीभांडी

आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा सकाळी माझा फोटो झळकला. पाठमोरा. खरं तर पाठ कमी आणि तिच्या खालचा प्रदेश जास्त. विटकी बर्मुडा, हातात लांब दांडीचा पोछा, शेजारी बादली आणि सोलरच्या पॅनलवर ओणवा झालेला मी. खाली मजकूर : 'एप्रिल महिना. काही घरी पाणी जास्त झाले आहे. पाणी हेच जीवन.' त्यापुढे जोडलेले हात. अर्ध्या कॉलनीनं अंगठा दाखवला. ज्यांच्या पोरांना मी फुकट गणित शिकवलं, त्यांनीसुद्धा.

दुसऱ्या एखाद्या गावात हे खपून गेलं असतं. पण आम्ही लातूरकर. २०१६ च्या एप्रिलमध्ये आम्हाला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून पाणी आलं. त्याआधी पाण्यावरून डोकी फुटू नयेत म्हणून टाक्यांभोवती १४४ कलम लागलं होतं. या गावात माणसाला लबाड म्हणा, चिकट म्हणा, चालतं. पाणी वाया घालतो म्हणालात तर ठरलेली सोयरीक मोडते.

फोटो काढणारे अप्पा. भिंतीला भिंत लागून घर. त्यांची टाकी रोज पहाटे भरून वाहते आणि ते पाणी आमच्या बोळातून गटारात जातं. त्याचा फोटो कुणी काढत नाही. मीही काढत नाही. काही माणसांना शेजारधर्म असतो.

मुळात पॅनल धुणं हे माझं काम नव्हतंच. बसवायच्या आधी जो पोरगा आला होता, तो म्हणाला, "सर, मेंटेनन्स झिरो. पंचवीस वर्षं वर बघायचं नाही. पाऊसच धुतो." हे तो लातुरात बसून, आमचाच चहा पीत म्हणाला. सहा पॅनल, सव्वातीन किलोवॅट. अनुदानाचे ७८,००० खात्यात आले, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पावसाबद्दल आहे. तो गेला की पुढच्या जूनपर्यंत आमच्या गच्चीवर आभाळातून दोनच गोष्टी पडतात : धूळ आणि पारव्यांची शिट. लातूर म्हणजे तुरीची बाजारपेठ, डाळमिलांचं गाव. इथले पारवे मार्केट यार्डात पोटभर तूर खातात आणि पचवायला माझ्या गच्चीवर येतात. एवढी प्रोटीनयुक्त शिट महाराष्ट्रात दुसरीकडं पडत नसावी.

शिट म्हणजे नुसता डाग असता तरी चाललं असतं. पण पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. एकावर सावली पडली की त्याच्या माळेतल्या सगळ्यांचा करंट अडतो. पंगतीत एकाला ठसका लागावा आणि वाढप्यानं पुढचं वाढणंच थांबवावं, तसं. वर तो झाकलेला सेल तापतो तो वेगळाच. मोबाईलवरच्या ॲपमध्ये दिवसाला बारा-तेरा युनिट दिसायचे, ते दहाच्या खाली आले. कंपनीला फोन केला. "सर, क्लीनिंग कस्टमरच्या स्कोपमध्ये येतं." पाऊस कुणाच्या स्कोपमध्ये येतो, हे विचारायच्या आत फोन ठेवला.

धुण्याचेही सोवळ्याचे नियम आहेत. ऊन चढायच्या आत धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. साबण नको, तारेची घासणी नको. पॅनलवर पाय तर मुळीच नको, आत डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा जातात. आणि बोअरचं पाणी नको. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादल्या आतून पांढऱ्या झाल्यात, काचेवर वाळलं तर क्षारांचा थर बसतो आणि तो शिटेपेक्षा चिवट. घरातून सूचना आली, "आरओचं वाया जाणारं पाणी घ्या की." ते तर आणखी खारट, गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. हे मी समजावून सांगितलं, त्याचा राग वेगळा.

शेवटी सापडलं एसीचं पाणी. हवेतली वाफ गार होऊन ठिबकते, त्यात क्षार जवळपास नसतातच. अडचण एकच. एप्रिलमध्ये लातूरच्या हवेत वाफ असते कुठं? रात्रभर मशीन घरघरतं तेव्हा बादलीचा तळ झाकतो. तळ-तळ साठवून मी कशीबशी अर्धी बादली केली होती. त्या सकाळी तीच घेऊन वर गेलो. भिंतीपलीकडं अप्पा दात घासत उभे.

"काय करायलाव सर?"

"पॅनल पुसायलोय."

"पाण्यानं?"

"एसीच्या पाण्यानं."

अप्पांचा ब्रश थांबला. "एसीत पाणी भरावं लागतंय?"

"भरावं लागत नाही. निघतं. हवेतून."

"लातूरच्या?" त्यांनी आभाळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग लोक टँकर कशाला लावायलेत? एसीच लावावा की."

मी पुसत राहिलो.

"सर, हे पॅनल तुम्ही बसवले कशासाठी?"

"एसीचं बिल झेपत नव्हतं म्हणून."

"अन् आता एसीच्या पाण्यानं पॅनल धुवायलाव."

"हो."

"म्हणजे एसी चालावा म्हणून पॅनल, अन् पॅनल चालावेत म्हणून एसी." त्यांनी चूळ भरली, अर्थातच वाहत्या नळाखाली. "मग मधी तुम्ही कशाला?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तीस वर्षं गणित शिकवलं, पण उदाहरणातून मास्तरालाच वजा करणारा विद्यार्थी मला कधी भेटला नव्हता.

मी गप्प बसलेला पाहून अप्पा भिंतीला रेलले. आवाज खाली आणला. "एक विचारू? राग मानू नका. आमच्या हिच्या कुरडया औंदा वाळंनात."

"बरं?"

"तुमच्या ह्यांनी ऊन वढून घेतलंय."

मी त्यांना समजावलं. पॅनलवर पडतं तेवढंच ऊन पॅनल घेतं, शेजारचं घेत नाही. ते माझ्या गच्चीच्या दक्षिणेला तोंड करून बसलंय, तुमच्या खाटेकडं ढुंकून बघत नाही. कुरडयांचा चीक पातळ झाला असेल. हे शेवटचं बोलायला नको होतं, कारण तेवढ्यात वहिनी जिन्यावर आल्या होत्या.

"ते असू द्या," अप्पा म्हणाले. "धुतल्यावर जास्त वढत असतील की नाही?"

"युनिट जास्त पडतात, हो."

"मग चार दिवस धुऊ नका. आमच्या कुरडया निघू द्या."

मी पाठ फिरवून पुसायला लागलो. तीच ती पाठ.

ग्रुपवर मी खुलासा टाकला. सविस्तर : वाफ, क्षार, अर्धी बादली. त्यावर एकानं एसीची कंपनी विचारली. एकीनं गुलाबाच्या फुलासह 'शुभ सकाळ' पाठवलं. ॲडमिननं लिहिलं, 'ग्रुपवर वैयक्तिक वाद नकोत.' फोटो मात्र तसाच आहे.

त्याच दुपारी लाईट गेली. सोलर असलं की लाईट जातच नाही, असा लोकांचा मोठा गैरसमज असतो, आणि अप्पा तर आमची लाईट जायची वाटच बघत असतात. आमच्यासारखं विनाबॅटरीचं सोलर लाईनला जोडलेलं असतं. लाईन बंद झाली की पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा सोलरचा इन्व्हर्टर आपणहून बंद होतो. नाही झाला तर आमच्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसेल. नियम शहाणपणाचा आहे, मला पटतो. पण बेचाळीस अंशांच्या उन्हात, डोक्यावर सव्वातीन किलोवॅट घेऊन पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेल्या माणसाला तो फार वेळ पटत नाही. त्यात आमच्याकडून लाईनमध्ये गेलेल्या आणि वर्षअखेर उरलेल्या युनिटांचे मिळतात चिल्लर, आणि बिल शून्य युनिटचं आलं तरी स्थिर आकार चुकत नाही.

अप्पांकडं साधा बॅटरीचा इन्व्हर्टर आहे. त्यांचा पंखा गरगरत होता. खिडकीतून आवाज आला, अगदी मनापासून आनंदी : "सर, तुमच्याकडं बी नाही का?"

संध्याकाळी ते दारात आले. हातात पाच लिटरचा रिकामा कॅन. दोन्ही हातांनी पुढं केला.

"सर, ते एसीचं पाणी बॅटरीत घालायला चालतंय म्हणं. डिस्टिल वॉटर लई महाग झालंय."

"पाणी वाया जातं अप्पा त्यात," मी म्हणालो.

"छे, बॅटरीत कसलं वाया जातंय?" म्हणाले आणि कॅन ओट्यावर ठेवून गेले. रोज सकाळी भिंतीवरून विचारतात, भरला का. मी सांगतो, हवा कोरडी आहे.